आईच्या ओव्या, तीन माइक आणि चार गोधड्या: घरच्या रेकॉर्डिंगच्या सामानाचा रिव्ह्यू

घरी गाणं रेकॉर्ड करायला कुठला माइक घेऊ असं गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी फोनवर अर्धा-अर्धा तास तेच सांगत बसलो, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. मी साउंड इंजिनिअर नाही, नोकरी वेगळीच आहे, पण गेली अडीच वर्षं शनिवार-रविवार हेच करतोय आणि घेऊन, परत पाठवून, विकून, पुन्हा घेऊन जे काही कळलंय ते कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटतं.

आधी मला काय रेकॉर्ड करायचं होतं ते सांगतो, कारण ते न सांगता माइक चांगला का वाईट यावर बोलण्यात अर्थच नाही. माझी आई ७१ वर्षांची, माहेर मुळशी तालुक्यातलं. गाणं कुठं शिकलेली नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला दीड-दोनशे तरी येतात, तिच्या आईकडून आणि आजीकडून आलेल्या. ओव्यांचं मोठं काम आपल्याकडं झालेलंच आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही एकदा मी आईला ऐकवल्या तर ती म्हणाली, "अरे ही आमच्यात जरा निराळी म्हणतात," आणि भाजी निवडता निवडता म्हणून दाखवली. तेव्हाच ठरवलं की हिच्या तोंडून जेवढ्या निघतील तेवढ्या नीट आवाजात ठेवायच्या.

आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, दुसरा मजला. पुढं रस्ता, मागं पार्किंग, वरच्यांचं मिक्सर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि एप्रिलमध्ये पहाटे साडेचारपासून कोकीळ. म्हणजे बहुतेक सगळ्यांची घरं असतात तसंच घर. शांत, हळू, वयस्कर आवाज आणि गजबजलेलं घर, या जोडीला काय लागतं तेवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. रॅप करणारा किंवा गिटारवाला असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

सुरुवात फोनवर केली. बोलणं रेकॉर्ड करायला फोन उत्तम, पण ओवीला नाही. ओवीच्या शेवटी ती एक ओढ असते ना, स्वर लांबवत खाली सोडतात, तिथं माझ्या फोनचं नॉइज कमी करणारं सेटिंग त्या स्वरालाच नॉइज समजून गिळायचं. आईचा आवाज हळूहळू विरत जायच्या ऐवजी मध्येच तुटल्यासारखा यायचा, आणि ती श्वास घ्यायला थांबली की मागचा पंखा एकदम मोठा व्हायचा कारण लेव्हल आपोआप वर जायची. दोन-तीन अ‍ॅप बदलून पाहिली, थोडा फरक पडला, समाधान झालं नाही.

मग ऑनलाइन एक कॉम्बो मागवला. नाव घेत नाही, असे वीस-पंचवीस कॉम्बो मिळतात, सगळे साधारण सारखेच दिसतात: एक मोठ्या तोंडाचा कंडेन्सर माइक (विजेवर चालणारा, बारीक आवाजही पकडणारा), टेबलाला लावायचा पत्र्याचा हात, लाल-निळे दिवे लागणारं साउंड कार्ड, फोमचे चार चौकोनी तुकडे. स्वस्त मिळालं म्हणून खूश होतो. पहिली ओवी रेकॉर्ड करून हेडफोन लावला तर आईच्या आवाजाच्या मागं सतत एक सस्स, पावसाळ्यात पत्र्यावर झिमझिम पडते तशी, आणि त्या सगळ्याच्या खाली एक घूंऽऽ. आई म्हणाली, "चांगलं येतंय की," पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला स्वतःचा आवाज आवडला नाही.

त्या घूंचं कारण आधी सांगतो कारण हे निम्म्या लोकांच्या घरी होत असणार आणि माइकचा त्यात काही दोष नसतो. माझ्या लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा. अर्थिंग नसलं की चार्जरमधली गळती यूएसबीवरून थेट ऑडिओत शिरते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो घूं ५०, १००, १५० असा चढत्या पायऱ्यांनी येतो. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घूं जागच्या जागी बंद होतो. मी हे शोधायला तीन आठवडे घालवले, दोन केबली बदलल्या. आता रेकॉर्डिंगच्या आधी लॅपटॉप फुल चार्ज करायचा आणि सुरू केलं की वायर काढून ठेवायची, एवढंच.

सस्स मात्र माइकचीच होती. प्रत्येक कंडेन्सर माइकच्या आत थोडं इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि त्याचा स्वतःचा एक आवाज असतो, त्याला सेल्फ नॉइज म्हणतात. चांगल्या कंपन्या तो आकडा छापतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा सुरुवातीला बरेच जण घेतात, त्याचा २० डेसिबल. रोड (Rode) कंपनीच्या नव्या एनटी१ चा ४. माझ्या कॉम्बोच्या खोक्यावर आकडाच नव्हता, आणि जिथं हा आकडा दिलेला नाही ते घ्यायचंच नाही, कानाला खडा. आता कुणी म्हणेल की तुझ्या खोलीतच रात्री तीस-पस्तीस डेसिबलचा आवाज असेल तर ४ काय नि २० काय, सगळं त्याच्याखाली दबणार. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण खोलीचा आवाज बराचसा खालच्या पट्टीत असतो, लांबच्या गाड्यांची घरघर, फ्रिज, आणि तो नंतर लो कटनं, म्हणजे खालची पट्टी कापणाऱ्या फिल्टरनं, बराच काढता येतो. माइकची सस्स वरच्या पट्टीत असते, जिथं आईच्या आवाजातला श्वास आणि 'स', 'श' असतात. तिथून ती काढायला गेलं की आवाजाचा जीवच निघून जातो. हळू आवाजाला म्हणूनच हा आकडा महत्त्वाचा, मोठ्यानं गाणाऱ्याला तेवढा नाही.

यानंतर एका मित्रानं सांगितलं की तुझ्या घरात कंडेन्सर चालणारच नाही, डायनॅमिक घे (म्हणजे वीज न लागणारा, दणकट माइक), श्युअरचा एसएम५८ घे, आख्खं जग त्याच्यावर गातं. बोलणं खरंच होतं. एसएम५७ हा १९६५ चा आणि एसएम५८ हा १९६६ चा, अजून तेच मॉडेल बनतंय आणि अजून लोक घेतात, याहून मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे. मी ऑनलाइन बघितला, एका विक्रेत्याकडं निम्म्या किमतीत दिसला, घेतला.

तो नकली निघाला. खोकं, पाऊच, स्टिकर, सगळं तंतोतंत. आवाज मात्र असा की कुणीतरी तोंडावर उशी धरून गातंय. मला आधी वाटलं आपल्यालाच वापरता येत नाही, कारण एवढा नावाजलेला माइक वाईट कसा असेल. मग वजनाची आयडिया सुचली. खऱ्या एसएम५८ चं वजन २९८ ग्रॅम असतं हे कंपनीच देते. खालच्या किराणा दुकानात गेलो, काकांना म्हटलं जरा काट्यावर ठेवता का, त्यांनी तागडीतली साबुदाण्याची पिशवी बाजूला करून माइक ठेवला, काटा २५० च्याही खाली. काका म्हणाले, "यात माल कमी भरलाय," आणि अगदी तसंच होतं. विक्रेत्यानं महिनाभर फोन उचलला नाही, शेवटी पैसे परत मिळाले पण त्यात खूप मनस्ताप झाला. एसएम५७ आणि ५८ च्या नकला जगभर निघतात, म्हणून निम्म्या किमतीच्या मागं लागू नका, अधिकृत डीलरकडूनच घ्या, पक्कं बिल घ्या आणि घरी आल्याबरोबर वजन करा. ५७ चं वजन २८४ ग्रॅम.

दुसऱ्या वेळेला डीलरकडं जाऊन एसएम५७ घेतला. ५८ नाही, ५७, कारण भाचा तबला वाजवतो आणि ५७ वाद्यालाही चालतो. हा माइक मला अजून मनापासून आवडतो. बांधणी अशी की चुकून हातातून पडला तरी काही होणार नाही असं वाटतं, माझ्याकडून एकदा टेबलावरून पडलाही. फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला द्यायची वीज, लागत नाही, पावसाळ्यात वेगळं सांभाळायला लागत नाही. आणि घरातला गलका खरंच कमी येतो, पण त्यामागचं कारण नीट समजून घ्या. डायनॅमिक माइक 'लांबचं ऐकत नाही' असं सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. तो तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरायचा असतो, तेवढ्या जवळ आवाज इतका मोठा येतो की गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणं, कमी लागतो आणि गेन कमी म्हणजे मागचा गलका कमी. सगळी जादू अंतराची. तोच ५७ दीड फुटावर ठेवला आणि गेन वाढवला की कुकरची शिट्टी त्यातही येते.

भाच्याचा तबला त्यावर फार छान येतो. चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, तिरका, चार बोटं अंतरावर, मधल्या काळ्या शाईकडं तोंड करून. डग्ग्याला जवळ लावू नका, जवळ लावला की खालचा आवाज फुगतो आणि मींड ऐवजी नुसता धूम येतो. जरा लांब, एक वीतभर ठेवला की डग्गा बोलतो.

पण आईला हा माइक मानवला नाही, आणि या सगळ्या लिहिण्यातलं माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं इथंच आहे. दोन-तीन इंचांवर माइक आला की आई आक्रसायची. इंजेक्शनच्या सुईकडं बघावं तसं ती त्या जाळीकडं बघायची. ओवी म्हणताना तिची मान हलते, दळताना जशी हलायची तशीच, पुढं-मागं, आणि ती हलली की तीन इंचांचे सहा व्हायचे, आवाज निम्मा. मी म्हणायचो, "आई, हलू नकोस," आणि ती हलायची थांबली की ओवीच थांबायची. पुढची ओळ आठवेना. मान हलवायला लागली की आठवायची. मी चार रविवार हे बघितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की जो माइक गाणाऱ्याला ताठ बसवतो तो माइक त्या माणसासाठी चुकीचा, मग तो कितीही नावाजलेला असो. तिला मोकळं हलू देईल आणि समोर आहे हे विसरायला लावेल असा माइक पाहिजे, म्हणजे फूट-सव्वा फूट लांबून ऐकणारा. म्हणजे परत कंडेन्सर. पण या वेळेला नीट निवडलेला.

माइक घ्यायच्या आधी इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधला डबा, बदलला. जुना, कॉम्बोनंतर घेतलेला, एक स्वस्तातला होता, त्याचंही नाव नको. डायनॅमिक माइकला खूप गेन लागतो आणि तो इंटरफेस शेवटच्या टोकाला नेला की खरखर करायचा. बरेच लोक हे विसरतात की माइक आणि इंटरफेस हे जोडीनं बघायचं असतं. फोकसराइटचा स्कार्लेट टूआयटू घेतला, चौथ्या पिढीचा, हा २०२३ ला आला. तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल गेन होता, यात ६९ आहे, आणि तो फरक ५७ सारख्या माइकला अगदी स्पष्ट कळतो, हळू आवाजातसुद्धा बटण शेवटपर्यंत न्यायला लागत नाही. यात ऑटो गेन आहे, बटण दाबून थोडं गाऊन दाखवलं की लेव्हल स्वतः लावून घेतो. आणि क्लिप सेफ म्हणून एक आहे, आवाज अचानक वाढला तर गेन स्वतःच खाली घेतो. मी ऑटो गेन वापरतो आणि त्याच्यापुढं हातानं थोडं कमी करतो, कारण आई टेस्टच्या वेळी नेहमी हळू म्हणते आणि तिसऱ्या ओवीपासून आवाज मोकळा होतो. टेस्टिंगला कायम तिसरी ओवी धरा! एअर नावाचं बटण मी बंद ठेवतो, ते वरची पट्टी जरा उजळ करतं, तरुण आवाजाला छान, आईच्या आवाजाला टोचतं. एकाच माइकवर काम करणार असाल तर एका माइकच्या इनपुटवाला सोलोही पुरतो, पण पुढं-मागं हार्मोनियम किंवा तबला बरोबर घ्यायचा विचार असेल तर दोन माइकवाला घ्या, नंतर हळहळ नको.

आणि मग एनटी१, पाचव्या पिढीचा. वीस हजारांच्या वर गेला, घरात थोडी कुजबुज झाली, पण आज दीड वर्षानं सांगतो की हा पैसा वसूल झाला. पहिल्या दिवशी शॉक माउंटवर (हादरे अडवणाऱ्या पकडीत) लावला, फँटम दिला, हेडफोन कानाला लावले आणि काहीच ऐकू येईना. वाटलं बंद आहे. मग आईनं समोर बसून नुसता पदर सारखा केला आणि तो सुती कापडाचा आवाज कानात इतका जवळ आला की मी दचकलो. मागं सस्स नाहीच, काळोखासारखी शांतता आणि त्यातून आवाज उगवतो. खोक्यात शॉक माउंट, पॉप फिल्टर, एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची) आणि यूएसबी केबल सगळं येतं, वेगळं काही घ्यायला लागलं नाही.

एक गोष्ट जी पहिल्यांदा घेणाऱ्याला कुणी सांगत नाही: याच्या टोकात बोलायचं नसतं, बाजूनं बोलायचं. माइकवर एक सोनेरी ठिपका आहे, तो गाणाऱ्याकडं. उलटा लावला तर आवाज पोकळ आणि लांबचा येतो, कारण मागच्या बाजूनं तो मुद्दाम कमी ऐकतो. याचाच फायदा घ्या. मागची बाजू जिथून गलका येतो तिकडं करा. आमच्याकडं मी आईला भिंतीकडं पाठ करून बसवतो आणि माइकची पाठ खिडकीकडं. कुणी स्वतः पेटी वाजवत गात असेल तर माइक पेटीच्या वर, तोंडाच्या जरा खाली, वरच्या दिशेला बघणारा असा लावा, म्हणजे त्याची पाठ भात्याकडं येते आणि भात्याची फसफस, पट्ट्यांची टकटक बरीच कमी होते.

आता खोली. एनटी१ सगळंच ऐकतो, भिंतीवरून परत आलेला आवाजही, त्यामुळं मोकळ्या खोलीत बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटतं. कॉम्बोबरोबरचा फोम इंचभर जाडीचा होता. तो फक्त वरचे आवाज खातो, त्यानं खोली कोंदट वाटते पण घुमणं जात नाही. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला, त्यानं काहीही होत नाही, धूळ मात्र साठते. साधं गणित आहे, १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती इंचभर फोमनं कशी अडणार. आमच्या घरात उपयोगी पडल्या त्या गोधड्या. आजीनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, सात-आठ पदरी, उचलताना हात भरून येतात अशा. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड आईच्या मागं आणि एका बाजूला उभे केले, त्यावर दोन-दोन गोधड्या दुहेरी टाकल्या, भिंतीपासून वीतभर पुढं. हे वीतभर अंतर सोडू नका, भिंतीला चिकटवली तर निम्मा उपयोग जातो, मध्ये हवा असली की जरा खालचे आवाजही पकडते. खाली गादी. समोर पुस्तकांचं कपाट आहेच. टाळी वाजवून बघा, टाळीनंतर टिंग्ग असं काही आलं नाही की झालं. गायकाच्या मागं आधी लावा हेही महत्त्वाचं, लोक माइकच्या मागं लावतात, पण माइकचं तोंड तर गायकाच्या मागच्या भिंतीकडं असतं ना, तिकडूनच आवाज परत येतो.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केल्यावर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची ही युक्ती मला एका वादक मित्रानं सांगितली, म्हणजे बाहेर जाताना किल्ली शोधायला गेलं की फ्रिज सुरू करायचा राहत नाही. रेकॉर्डिंगची वेळ रात्री साडेदहा ते बारा. मेच्या उकाड्यात बंद खोलीत गोधड्यांच्या मध्ये आईला वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. वीस मिनिटं, मग दार उघडून पंखा, पाणी, थोड्या गप्पा. त्या गप्पांत हमखास एखादी नवीन ओवी निघते, म्हणून मी रेकॉर्डिंग सुरूच ठेवतो, पंख्यासकट. नंतर ती पुन्हा नीट म्हणून घेतो.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं. एनटी१ वर आईच्या काचेच्या बांगड्या किणकिण करत आल्या. पहिल्यांदा मी तिला पदर मनगटाला गुंडाळायला सांगितला, तिनं गुंडाळला, स्वच्छ टेक आला. पण ऐकताना काहीतरी सुनं वाटत होतं. तिचा हात दळल्यासारखा फिरतो आणि बांगड्या बरोबर त्या फेऱ्यावर वाजतात, तोच तिचा ताल. पदर सोडायला लावला, पुन्हा सगळं रेकॉर्ड केलं. आता प्रत्येक ट्रॅकवर बांगड्या आहेत आणि मला त्या तशाच पाहिजेत.

बाकी सामान भराभर. हेडफोन बंद कपाचे घ्या, उघडे घेतले तर त्यातला आवाज माइकमध्ये जातो. मी सोनीचे एमडीआर ७५०६ वापरतो, किती वर्षं स्टुडिओत चाललेले आहेत, चूक लगेच ऐकवतात. आईला हेडफोन लावत नाही, तिला स्वतःचा आवाज कानात नको असतो. स्टँडवर पैसे वाचवू नका, पत्र्याचा हात रात्रीतून हळूहळू खाली झुकतो आणि टेकच्या मध्ये माइक दोन इंच खाली आलेला असतो. जड बुडाचा बूम स्टँड घ्या आणि शक्य असेल तर जात्यासारखं एखादं वजन पायाशी ठेवा. केबल मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून बनवून घेतली, पाच मीटर, न्यूट्रिकच्या पिना, समोर बसून डाग दिलेला. एकदा उघडून बघितलं होतं, तीनही तारा आपापल्या जागी, एक नंबरला जाळी, दोन-तीनला आवाज. दोन वर्षं झाली, कुरकुर नाही.

सॉफ्टवेअर रीपर. साठ दिवस फुकट वापरता येतं, घरच्या वापराचं लायसन्स ६० डॉलर, जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि लेव्हल मधोमध, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये लेव्हल थोडी खाली असली तरी काही बिघडत नाही, लाल दिवा लागला तर मात्र तो टेक गेला. नंतर मी फक्त ८० हर्ट्झच्या खालचं कापतो आणि आवाज थोडा वर घेतो. बास. एका ओळखीच्यानं फाइल मागितली आणि ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर लावून सुरात आणून परत पाठवली, चांगल्या मनानंच केलं त्यानं, पण ती ओवी ऐकवेना. ओवीतले स्वर पेटीच्या पट्ट्यांवर बसत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधून ते येतात आणि तिथंच त्यांचं घर आहे. कुणाच्याही आजीचा, आईचा आवाज रेकॉर्ड करणार असाल तर हात जोडून सांगतो, सूर सरळ करू नका, मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा, एक घरी आणि एक घराबाहेर.

पावसाळ्यात कंडेन्सर सांभाळावा लागतो. माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर दमट हवा बसली की आवाजात फट्-फट् येतं. मी फराळाचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला, घट्ट झाकणाचा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर माइक मऊ कापडात. जेलचे दाणे रंग बदलले की पुड्या बदलायच्या. ५७ मात्र वर्षभर कपाटावर उघडाच असतो.

एनटी१ मध्ये यूएसबीचं पोर्टही आहे, पहिले काही महिने मी त्याच्याकडं बघितलंही नव्हतं, इंटरफेस असताना काय करायचंय म्हणून. आता तेच सगळ्यात कामाचं वाटतंय. इंटरफेस न नेता माइक सरळ लॅपटॉपला लागतो, आणि यूएसबीवर ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड होतं, म्हणजे लेव्हल चुकली, आवाज लाल रेषेच्या वर गेला तरी नंतर खाली ओढून घेता येतो. एकदा मिळणारा टेक असेल तिथं याच्याइतकी निश्चिंती नाही. रीपरमध्ये आधी फाइलचं सेटिंग ३२ बिट फ्लोट करून ठेवायला विसरू नका.

हे मी नेमकं आत्ता का लिहितोय, तर थोरली मावशी. ती ८३ ची, गावीच असते, आईला ज्या ओव्या अर्ध्या येतात त्या तिला पूर्ण येतात आणि तिच्या पडवीत जातं अजून जागेवर आहे. दिवाळीत जायचं ठरलं होतं. काल आईनं तिला फोनवर एक ओळ विचारली, तर मावशी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "थांब, आठवून सांगते." बॅगेत एनटी१ चा डबा, यूएसबी केबल, फुल चार्ज लॅपटॉप, स्टँड आणि दोन गोधड्या भरून ठेवल्यात, आम्ही या रविवारीच निघतोय.